शीर सापडली, पुढं काय?

कोल्हापुरात रक्त काढायला शिकणाऱ्या पोरापोरींना एक सोय आयतीच मिळते आणि तीच त्यांना पुढं नडते. इथले हात सोपे असतात. तालमीत घुमलेले, उसाच्या मोळ्या उचललेले, पहाटे म्हशीची धार काढणारे हात. पट्टा बांधला की शीर दोरीसारखी वर येते आणि सुई जणू आपोआप आत जाते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक टोचे सरळ लागले की हात बसला असं वाटायला लागतं. मग समोर येते ती दुसरी जात: डायलिसिसवरची आजी, केमो घेऊन शिरा आटलेला माणूस, जुलाब-तापानं सुकलेलं वर्षाचं पोर. तिथं घाम फुटला की ‘ॲडव्हान्स्ड’ प्रशिक्षणाची आठवण होते, आणि त्या प्रशिक्षणाकडून मागणी एकच असते: न सापडणारी शीर सापडवून द्या. ही मागणीच अपुरी आहे असं मी म्हणते. शीर सापडणं हे या विद्येचं दिसणारं अंग झालं. न दिसणारं अंग त्याहून मोठं आहे, आणि ते नुसत्या सरावानं येत नाही.

का येत नाही, ते बघू. सायकल शिकताना तोल गेला की माणूस पडतो आणि चूक तिथल्या तिथं गुडघ्यावर उमटते. शीर हुकली तरी तसंच होतं: रक्त येत नाही, पेशंट कळवळतो, नातेवाईक डोळे वटारतात. हात त्यातून शिकतो. पण सुई बरोबर लागली, रक्त आलं, पेशंट उठून गेला आणि नमुना मात्र बिघडलेला, हे रक्त काढणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. कळलंच तर ते दोन-तीन तासांनी, दुसऱ्या खोलीत, यंत्राजवळ बसलेल्या माणसाला. पुष्कळदा त्यालाही कळत नाही आणि आकडा छापून जातो. चूक ज्या हातानं केली त्या हाताकडे ती परत येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं रोज पन्नास हात टोचणारा माणूस तीच चूक रोज पन्नास वेळा करत असू शकतो, आणि त्याला स्वतःच्या हाताबद्दल भरवसाही असू शकतो. यात आळशीपणा शोधायचं कारण नाही, कामाची रचनाच तशी आहे. इटलीतल्या पाडुआच्या रुग्णालयात प्लेबानी आणि कारारो या दोघांनी प्रयोगशाळेच्या चुका मोजून १९९७ साली प्रसिद्ध केल्या. एकूण चुकांपैकी ६८.२ टक्के नमुना यंत्रावर चढण्याआधीच्या होत्या आणि खुद्द तपासणीतल्या फक्त १३.३ टक्के. दहा वर्षांनी त्यांनी तिथंच पुन्हा मोजणी केली, तेव्हा आधीच्या टप्प्याचा वाटा ६१.९ टक्के निघाला. मधल्या दशकात यंत्रं कितीतरी सुधारली, तरी चुकांचं मुख्य घर बदललं नाही. चिठ्ठी लिहिण्यापासून रक्ताचा बल्ब, म्हणजे नमुन्याची नळी, लॅबमध्ये पोचेपर्यंतचा हा टप्पा आहे, आणि सुई त्याच्या मधोमध आहे.

पोटॅशियमचंच उदाहरण घ्या. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं. सहाच्या वर गेलं की डॉक्टर हृदयाची चिंता करतात, आणि मूत्रपिंडाचा पेशंट असेल तर रातोरात धावपळ होते. आता हा आकडा खोटा कसा वाढतो ते पाहा. पट्टा बांधून शीर शोधण्यात दोन-तीन मिनिटं गेली आणि वर “मूठ उघडा, झाका, उघडा, झाका” असा व्यायाम करून घेतला, तर हाताच्या स्नायूंतलंच पोटॅशियम रक्तात उतरतं. मूठ आवळण्यानं झालेल्या अशा खोट्या वाढीची नोंद १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेली आहे, आणि आपल्याकडं तर “मूठ आवळा” हे या कामाचं नमनच आहे. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, किंवा सुईसकट दाबून रक्त बल्बमध्ये पिचकारीसारखं सोडलं, तर तांबड्या पेशी फुटतात. पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट असल्यानं थोड्या फुटल्या तरी आकडा चढतो. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरीही पेशी फुटू शकतात. त्यावर फुंकर मारून वाळवण्याची आपली सवय तर आणखी वाईट, कारण पुसलेल्या जागेवर आपण तोंडातले जंतू पसरतो. आणि सगळ्यात गुपचूप चूक बल्बांच्या क्रमाची. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. तो बल्ब आधी भरून मग तीच सुई साध्या बल्बला लावली, किंवा जांभळ्यात जास्त झालेलं रक्त दुसऱ्यात ओतलं, तर एका थेंबानं पोटॅशियम वर जातं आणि कॅल्शियम खाली येतं. बरोबर क्रम असा: कल्चरच्या बाटल्या, मग निळं, मग लाल-पिवळं, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी करडं. हा क्रम पाठ करायला एक दुपार पुरते. तो का आहे हे ज्याला कळलं, तो घाईतही चुकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो खोटा नाही. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात सकाळी जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांतून, शिवाय कोकणातून आणि सीमेपलीकडून निपाणी-बेळगावकडून आलेली माणसं रांगेत उभी असतात. खाजगी लॅबमध्येही आठ ते दहा हे दोन तास श्वास घ्यायला फुरसत नसते. तिथं ही पुस्तकी शिस्त कोण पाळणार? माझं उत्तर असं की ह्या शिस्तीतल्या बहुतेक गोष्टींना वेळ लागतच नाही. बल्बांचा क्रम बदलायला शून्य सेकंद लागतात. रक्त यायला लागताच पट्टा सोडायला एक सेकंद. कापूस लावून “हात दुमडून धरा” म्हणण्याऐवजी “हात सरळ ठेवा आणि दाबून धरा” म्हणायलाही तेवढेच शब्द. दुमडलेल्या हातात शिरेचं छिद्र नीट दाबलं जात नाही आणि संध्याकाळी काळंनिळं घेऊन पेशंट भांडायला येतो, तो वेळ वेगळाच. खरा वेळ खातं ते रिपीट सॅम्पल: माणसाला परत बोलवा, परत चिठ्ठी, परत टोचा, परत रांग. घाईचा हिशोब काउंटरवर बघितला तर शिस्त महाग दिसते. लॅबच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघितला तर उलटं दिसतं.

एक गोष्ट मात्र वेळ मागते, आणि ती म्हणजे विचारणं. “उपाशी आहात ना?” हा प्रश्न कोल्हापुरात निरुपयोगी आहे. आपल्याकडं उपाशी म्हणजे जेवलेलं नाही. चहा हे खाणं नाही, आणि दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पेलाभर रिचवलेला गडीही “काय खाल्लं नाही ओ” असं प्रामाणिकपणे सांगेल. प्रश्न असा हवा: “रात्रीपासून आत्तापर्यंत पाण्याशिवाय तोंडात काय गेलं?” तालमीतल्या पोराला आणखी एक विचारायचं: आज मेहनत केली का? जोर-बैठका मारून थेट आलेल्या पैलवानाचं सीपीके वाढलेलं येणार, कधी यकृताचे समजले जाणारे एन्झाइमही वाढलेले दिसणार, आणि नसलेल्या दुखण्याच्या मागं घरदार धावणार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, कुठल्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय, डायलिसिसचा फिस्टुला कुठल्या हाताला आहे, हे प्रश्नही याच रांगेतले. फिस्टुलाचा हात म्हणजे डायलिसिसच्या माणसाचा जीव. तिथं पट्टाही बांधायचा नाही आणि सुईही लावायची नाही, शीर कितीही मोहक दिसली तरी. हे प्रश्न विचारण्याला कौशल्य म्हणायचं का, असं शिकाऊंना वाटतं. मी तर त्यांना सुईच्या आधीचं कौशल्य म्हणेन.

सुईनंतरचं कौशल्य समजून घ्यायचं तर वाढदिवसाच्या फलकाखाली भरणारं मोफत तपासणी शिबिर बघावं. मांडव, हार, भाषण, आणि टेबलावर उन्हात उभे केलेले बल्ब. साध्या बल्बमध्ये वेगळं न केलेलं रक्त साखर खात राहतं, कारण पेशी जिवंत असतात. खोलीच्या तापमानाला ही घट ताशी पाच ते सात टक्के धरतात. उपाशीपोटी १२६ म्हणजे मधुमेहाची वेस. ताशी सहा टक्क्यांनी तीन तास गेले की त्याच रक्तात साधारण १०५ उरतात. ज्याला मधुमेह आहे त्याला “तुम्ही ठणठणीत” असा कागद मिळतो, तोही सत्कारासह. फ्लोराइडचा बल्ब यासाठीच आहे, पण फ्लोराइडही पहिला तास-दोन तास पुरतं चालत नाही, हे शिकवणारे फार थोडे. आणि अंतराचं काय? गगनबावडा शहरापासून पन्नासेक किलोमीटर, चंदगड तर शंभरावर. राज्य सरकारच्या ‘महालॅब’ योजनेत २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नमुने गोळा होऊन लॅबकडं जातात, तेव्हा घाट, पाऊस आणि गाडीचे हादरे हेही त्या रक्ताच्या तपासणीत सामील असतात. मग कुणीतरी काळजीनं सगळेच बल्ब बर्फात ठेवतो. दूध टिकतं तसं रक्त टिकेल हा घरगुती तर्क इथं उलटतो: सीरम वेगळं न करता गार केलेल्या रक्तात पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. काही तपासण्यांना बर्फ लागतोच, अमोनियाला लागतो. पोटॅशियमला तो घातक. गोठायला अर्धा तास उभं ठेवणं, दोन तासांच्या आत सीरम वेगळं करणं, हे ज्यानं सांभाळलं त्यानंच चंदगडच्या माणसाचं रक्त खऱ्या अर्थानं कोल्हापूरला आणलं.

आता खरोखर प्रगत म्हणतात त्या कामांकडं येऊ, आणि पाहा, माझा मुद्दा तिथं अधिकच पक्का होतो. ब्लड कल्चर घ्या. शीर तीच, सुई तीच, पण मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त जायला हवं. दोन-तीन मिलिलिटर घालून बाटली पाठवली तर रक्तातले विरळ जंतू सापडणारच नाहीत, आणि “कल्चर निगेटिव्ह” वाचून डॉक्टर चुकीच्या दिशेला जातील. उलट, कातडी नीट न पुसता, किंवा पुसल्यावर पुन्हा बोट लावून शीर चाचपून टोचलं, तर कातडीवरचे जंतू बाटलीत वाढतात आणि पेशंटला नको ते अँटिबायोटिक सुरू होतं. अशा दूषित बाटल्या तीन टक्क्यांच्या आत ठेवाव्यात असा संकेत आहे. आपल्या हातचे किती टक्के, हे रक्त काढणाऱ्याला कोणी सांगतं का? धमनीतल्या रक्ताचंही तसंच. मनगटातली रेडियल धमनी लागली, लालभडक रक्त ठोके देत वर चढलं की शिकाऊचा चेहरा उजळतो. पण सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, किंवा नमुना अर्ध्या तासापेक्षा जास्त पडून राहिला, तर ऑक्सिजनचा आकडा त्या माणसाचा राहत नाही. शिवाय जागा पाच मिनिटं स्वतः दाबून धरायची असते, नातेवाइकाच्या हातात कापूस देऊन निघायचं नसतं. आणि हे काम आपल्या संस्थेनं आपल्याला करायला दिलेलं असेल तरच करायचं. अंगात धमक आहे म्हणून धमनीला हात घालणं याला प्रगती म्हणत नाहीत.

नवजात बाळापाशी थोडं थांबावंच लागेल. बाळाच्या शरीरात किलोमागं ऐंशी ते नव्वद मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या किलोभराच्या बाळाचं सगळं रक्त टपरीवरच्या चहाच्या एका कपात मावेल. लहान मुलांचं चोवीस तासांत एकूण रक्ताच्या एक ते पाच टक्क्यांपलीकडं रक्त काढू नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या किलोभराच्या बाळाचे पाच टक्के म्हणजे जेमतेम चार मिलिलिटर. सकाळी एकानं दोन काढले, दुपारी दुसऱ्यानं दोन, रात्री तिसऱ्यानं “थोडंसंच” काढलं, तर तिघांचेही हात निर्दोष आणि बाळ मात्र रक्तावाचून. म्हणून इथं सगळ्यात प्रगत साधन म्हणजे पाळण्याशेजारची वही, ज्यात किती काढलं हे लिहिलं जातं. टाच टोचायची तर तळव्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला, दोन मिलिमीटरपेक्षा खोल नाही, टाचेच्या मागच्या गोलाईवर मुळीच नाही, कारण तिथं हाड अगदी वर असतं. पहिला थेंब पुसायचा. आणि टाच पिळायची नाही, कारण पिळून निघतं त्यात रक्ताबरोबर पेशीबाहेरचं पाणी येतं.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा: आता शीर दाखवणारी यंत्रं आली आहेत, कातडीवर हिरवी जाळी उमटते, मग एवढा खटाटोप कशाला? यंत्र वरवरची शीर कुठं आहे ते दाखवतं. ती किती लवचिक आहे, आत गोठलेली आहे का, बोटाखाली दबून परत उसळते का, हे बोटालाच कळतं. कोपराच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर पुष्कळदा छान दिसते, पण तिच्या शेजारून धमनी आणि मज्जातंतू जातात हे यंत्र सांगत नाही. हातात करंट गेल्यासारखं झालं असं पेशंट म्हणाला की त्या क्षणी सुई बाहेर, मग बल्ब अर्धा भरलेला असो. आणि दोनदा हुकल्यावर तिसऱ्यांदा न टोचता दुसऱ्याला बोलावणं, याला कमीपणा समजायची खोड सोडावी. पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट आहे जी कुठलंच यंत्र करणार नाही: हे रक्त याच माणसाचं आहे याची खात्री. “तुम्ही पाटील ना?” असं विचारलं की आपल्या जिल्ह्यात अर्धी रांग “हो” म्हणेल. नाव आणि वय पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, आणि रक्त काढल्यावर तिथंच, त्याच्यासमोर बल्बवर लिहायचं. आधी दहा बल्बांवर चिठ्ठ्या चिकटवून फिरायचं नाही. रक्तपेढ्यांकडं येणाऱ्या नमुन्यांच्या २००३ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे दोन हजारांत एक नमुना भलत्याच माणसाचा निघाला होता. रक्त चढवायच्या आधीच्या क्रॉसमॅचमध्ये ही चूक झाली तर जीव जातो, आणि तोवर सगळ्यांना वाटत असतं की टोचा तर एकदम सफाईदार होता.

तिसरा आक्षेप पगाराचा. त्याला माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही. घरोघरी मोटरसायकलवरून नमुने गोळा करणाऱ्याला नगामागं पैसे मिळत असतील, तर संख्या वाढवण्यातच त्याचं पोट आहे. बल्ब आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायला सांगणारा माणूस त्याला शत्रूच वाटणार. व्यवस्थेनंही हे काम मोजलेलं नाही. अहवालावर सही कोणाची, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी असं सांगितलं. त्या सहीच्या वरचा आकडा ज्या हातावर अवलंबून, त्या हाताबद्दल एवढं भांडण कोणी केल्याचं मला तरी आठवत नाही. २०२१ च्या कायद्यानं सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे. त्यातून या हाताला किंमत मिळेल अशी आशा धरू. पण कमी पगार हे स्वतःच्या जिवाकडं दुर्लक्ष करायचं कारण होऊ देऊ नका. लस न घेतलेल्याला हिपॅटायटीस बी च्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याचा धोका ६ ते ३० टक्के धरतात, एचआयव्हीचा ०.३ टक्के. पहिली सुई हातात घ्यायच्या आधी हिपॅटायटीस बी चे तीन डोस पुरे करा. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका, ती २०१६ च्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यातच जाऊ द्या. टोचलंच तर लपवू नका. एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो लाजण्यात.

म्हणून कोर्स निवडताना रबरी हात किती आहेत, प्रमाणपत्रावर शिक्का कुणाचा आहे, एवढंच बघून फी भरू नका. सेंट्रिफ्यूजशेजारी उभं राहून आपणच काढलेल्या रक्ताचं सीरम पेशी फुटून गुलाबी निघालं की पिवळं, हे रोज बघायला मिळणार का, ते विचारा. नवजात बाळाची टाच कुणाच्या नजरेखाली टोचायची आणि त्याआधी किती वेळा नुसतं बघायचं, ते विचारा. लस झाली नसेल तर वॉर्डात पाठवणार की थांबवणार, हेही विचारा. आणि शेवटी, लॅबनं परत पाठवलेल्या नमुन्यांची वही शिकाऊंना दाखवतात का, तीत रक्त काढणाऱ्याचं नाव लिहितात का, हे विचारा. “ते लॅबचं अंतर्गत काम आहे” असं उत्तर आलं, तर पावती फाडायच्या आधी दुसरं दार बघा.